स्लॅम बोललात? आता आधी चष्मा पुसा

ब्रिजचा डाव होता. आम्ही सहा इस्पिकचा स्लॅम बोललो होतो, म्हणजे इस्पिक हुकूम धरून तेरापैकी बारा हात करायचे. बदामचा गुलाम उतारीला, म्हणजे पहिलं पान म्हणून, आला. डमीत, म्हणजे जोडीदार भाऊजींनी टेबलावर उघड्या मांडलेल्या पानांत, बदामची एक्का-राणी दिसली आणि मी पापणी लवायच्या आत म्हटलं, "राणी." डमीला बोलायची मुभा नसते. भाऊजींनी मुकाट्याने राणी पुढे सरकवली, पण त्यांचा हात पानावर जरा जास्तच रेंगाळला. उजवीकडच्या गृहस्थांनी राजा टाकला, किल्वरची चौकी परत केली, त्यावर डावीकडून एक्का पडला आणि सहा इस्पिकचा बंगला दुसऱ्या हातालाच कोसळला. आम्ही व्हल्नरेबल होतो, म्हणजे बोनसही जास्त आणि दंडही. झाला असता तर १४३०, मिळाले उणे १००. डाव संपल्यावर भाऊजी एवढंच म्हणाले, "वहिनी, डमीत तेरा पानं होती. तुम्ही दोनच बघितलीत."

ही डोंबिवलीतल्या आमच्या गॅलरीतली गोष्ट. तेव्हापासून मी एक सवय लावून घेतली. स्लॅमचा डाव माझ्याकडे आला की उतारी झाल्यावर आधी पानं टेबलावर पालथी ठेवायची आणि चष्मा काढून पदराने पुसायचा. काच स्वच्छ असली तरी पुसायचा. त्यात अर्धा मिनिट जातं आणि तेवढा वेळ तोंडातून कुठल्याही पानाचं नाव निघत नाही. ब्रिज बेस ऑनलाइनवर खेळत असाल तर माऊसवरून हात काढा आणि मांडीवर ठेवा. पडद्यावर तर बोट आपोआप पुढे जातं.

तो डाव नीट मांडते. सोबत पत्त्यांचा जोड घेऊन बसा, नुसतं वाचून काही हाती लागणार नाही.

डमी:
इस्पिक – राजा, गुलाम, ६, ३
बदाम – एक्का, राणी, ५
चौकट – एक्का, राजा, ७, ५, ३
किल्वर – ८

माझी पानं:
इस्पिक – एक्का, राणी, १०, ९, ८, ४
बदाम – ८, ३
चौकट – ९, ४
किल्वर – राजा, राणी, ६

बोलीत फार काही नव्हतं. मी एक इस्पिक, भाऊजी दोन चौकट, मी दोन इस्पिक, त्यांनी ब्लॅकवुडच्या सांकेतिक बोलीने एक्के विचारले, एक बाहेर आहे हे कळलं आणि सहावर थांबले. बोली उत्तम होती. बिघडवलं ते मी.

पहिलं काम मोजणीचं. हुकमाच्या डावात आपण जाणारे हात मोजतो, नो ट्रम्पमध्ये, म्हणजे हुकूमच नसलेल्या डावात, येणारे, असं सगळे शिकवतात. स्लॅमला मी दोन्ही मोजते, कारण दोन्हीकडून आकडा जुळला नाही तर आपली काहीतरी चूक होते आहे हे तिथेच कळतं. इथे जाणारे: किल्वरचा एक्का नक्की, आणि बदामात एक, राजा उजवीकडे असला तर. एक परवडतो, दोन नाहीत. येणारे: हुकमाचे सहा, बदामचा एक्का, चौकटचे दोन, किल्वरचा एक (एक्का काढून दिल्यावर), आणि किल्वरची छक्की डमीत कापायचा एक. झाले अकरा. बारावा कुठून आणायचा, हा सबंध डावाचा प्रश्न आहे आणि तो पहिलं पान खेळायच्या आधी विचारायचा असतो, कारण पहिल्याच हाताला उत्तर द्यावं लागतं. एक्का घालायचा की राणी?

माझ्या डोळ्यांना फक्त फिनेस दिसला, म्हणजे बाहेरचं मोठं पान आपल्याला हव्या त्या बाजूला असेल या भरवशावर त्याहून लहान पान घालणं. राजा डावीकडे असेल तर राणी होते. निम्मी शक्यता. खरं म्हणजे निम्म्याहूनही कमी, कारण आम्ही सहाची बोली करून बसलो असताना राजाखालून उतारी करायला छाती लागते. आता चष्मा पुसून पुन्हा डमीकडे बघा. चौकट पाच पानी आहे. समोरच्यांकडे चौकटची सहा पानं. सहा पानं ३-३ वाटली जाण्याची शक्यता साधारण ३६ टक्के, ४-२ ची ४८. म्हणजे शंभरातल्या ८४ वेळा एक्का, राजा आणि दोनदा कापणं एवढ्यात त्यांची चौकट संपते आणि डमीतलं पाचवं, चिल्लर पान मोठं होतं. त्यावर माझी बदामची अठ्ठी फेकून द्यायची. बदामचा राजा कोणाकडे आहे याच्याशी मग आपल्याला काही देणंघेणं उरत नाही. पन्नास टक्के बघून मी चौऱ्याऐंशी टक्के सोडले होते.

पण थांबा, एवढ्याने होत नाही. चौकट मोठी करायची तर डमीत जायला वाटा हव्यात. तिसरी आणि चौथी चौकट कापल्यावर प्रत्येक वेळी पान माझ्याकडे येणार, म्हणजे डमीत दोनदा परत जायला हवं. बदामचा एक्का पहिल्याच हाताला खर्च झालेला. मग उरलं काय? हुकमाचा राजा आणि गुलाम. ही दोन परतीची तिकिटं आहेत. म्हणूनच हुकमाची पहिली फेरी त्या दोघांना हात न लावता माझ्या एक्क्याने करायची. घाईघाईत 'हुकूम आधी काढा' म्हणून डमीचा राजा वाजवला की तिकीट फाटलं.

आता ओळीने खेळून बघा. बदामचा एक्का, माझी तिर्री. डमीतून इस्पिकची तिर्री, माझा एक्का. चौकट चौकीवर डमीचा एक्का, मग चौकटचा राजा. डमीतून चौकट तिर्री, ती मी अठ्ठीने कापायची. चौकीने का नाही? बाहेर हुकमाची सत्ती, पंजी, दुर्री आहे. कोणाचा चौकट रंग दोन पानांतच संपला असेल तर तो चौकीवर चढेल. अठ्ठीच्या वर कोणी जाऊ शकत नाही. चौकी ठेवायची डमीच्या गुलामाकडे जायला. तिथून चौथी चौकट, नव्वीने कापा. हुकमाची दश्शी डमीच्या राजाला द्या. एव्हाना हुकमाच्या तीन फेऱ्या झाल्या, म्हणजे तिन्ही हुकूम एकाच्याच हातात असले तरी निघून गेले. आता पाचवी चौकट खेळा आणि बदामची अठ्ठी टाकून द्या. शेवटी किल्वरची अठ्ठी राजाकडे. एक्का घ्यायचाय त्याला घेऊ दे. पुढे तो काहीही परत करो, राणी तुमची, छक्की डमीत कापायची आणि बाकीचे हातही तुमचे.

एक गंमत सांगते. डावीकडच्या गृहस्थांनी आधी किल्वरचा एक्का वाजवला असता, तर मला यातलं काहीच करावं लागलं नसतं. किल्वरच्या राजा-राणीवर डमीतले बदामचे राणी आणि पंजी टाकून दिले असते, बदामचा एक्का वाजवून दुसरं बदाम डमीत कापलं असतं आणि आपण फार हुशार अशा समजुतीत पोहे खायला उठले असते. सोपे डाव असे फसवतात.

स्लॅम बोलून केला तरच बोनस, हा नियम १९२५ साली हॅरॉल्ड व्हँडरबिल्टने बसवलेल्या गुणपद्धतीतला. त्याआधीच्या ऑक्शन ब्रिजमध्ये न बोलताही बारा हात झाले की बोनस मिळायचा. माझे सासरे म्हणायचे, व्हँडरबिल्टने माणसाला लोभ दिला. मी म्हणते भीती दिली. बारावा हात दिसेपर्यंत पोटात कालवाकालव होते आणि ती थांबवायला आपण हाताशी असलेला पहिला फिनेस मारून मोकळे होतो. लागला तर लागला. नाही लागला तर 'राजा उजवीकडे होता हो' म्हणून नशिबाला बोल लावायचा. फिनेस ही शेवटची वाट आहे, पहिली नव्हे.

फिनेस टाळायची दुसरी एक रीत मला फार आवडते. तिच्यात समोरच्यालाच ते पान खेळायला भाग पाडायचं असतं. हा सहा बदामचा डाव बघा.

डमी:
इस्पिक – एक्का, ५
बदाम – राजा, राणी, ८, ४
चौकट – राजा, १०, ४
किल्वर – एक्का, ७, ६, २

तुम्ही:
इस्पिक – ७, ३
बदाम – एक्का, गुलाम, १०, ९, ६, २
चौकट – एक्का, गुलाम, ६
किल्वर – राजा, ८

इस्पिकचा राजा उतारीला आला. येणारे मोजा: सहा, एक, दोन, दोन, एकूण अकरा. एक इस्पिक जाणार हे ठरलेलं. बारावा चौकटच्या राणीवर अवलंबून. ती डावीकडे असली तर डमीच्या दश्शीने धरता येईल, उजवीकडे असली तर तुमच्या गुलामाने. कोणाकडे आहे हे मात्र कळायला मार्ग नाही. आमच्या शनिवारच्या मंडळींत इथे लगेच अंदाज सुरू होतात. कोणी म्हणतं उतारी करणाऱ्याकडे, कोणी म्हणतं गुलामाच्या वर राणी असते. असल्या म्हणींवर मी स्लॅम खेळत नाही.

जाणारा इस्पिकचा हात कधी द्यायचा, हे तुमच्या हातात आहे. तो आत्ता देऊ नका, उशिरा द्या. इस्पिकच्या एक्क्याने घ्या. बदाम तुमच्या एक्क्याला. किल्वरचा राजा, मग किल्वर डमीच्या एक्क्याला. तिसरी किल्वर नव्वीने कापा. बदाम डमीच्या राजाला, ही हुकमाची दुसरी फेरी. चौथी किल्वर दश्शीने कापा. हुकूम अजून बाहेर असेल तर आणखी एक फेरी करा. आता काय उरलं बघा: दोन्हीकडे एकेक इस्पिक, तीन-तीन चौकट, आणि एक किंवा दोन हुकूम. किल्वर दोन्हीकडे संपली.

आता इस्पिक खेळून द्या. कोणीही घेऊ दे. घेणाऱ्याने चौकट खेळली तर राणी आपोआप सापडली: डावीकडून आली तर डमीतून लहान घाला, उजवीकडून आली तर तुम्ही लहान घाला. त्याने इस्पिक किंवा किल्वर खेळली तर एका बाजूला कापा आणि दुसऱ्या बाजूची चौकट टाकून द्या. दोन्हीकडून तो अडकला. राणी कोणाकडे होती हे तुम्हाला डाव संपल्यावर कळेल, तेही विचारलंत तर.

इथेही हुकूम सलग काढले नाहीत, हे लक्षात आलं का? एक फेरी केली, किल्वर खेळले, दुसरी फेरी करता करता डमीत गेले. हुकूम काढायचेही आहेत आणि त्यांच्यावर बसून पलीकडेही जायचंय, तर एकाच फेरीत दोन्ही कामं करा. बदाम ३-० असताना आधी सलग तीन फेऱ्या केल्या, तर शेवटी दोन्हीकडे हुकूमच उरत नाहीत आणि ज्याला अडकवायचं तो आरामात इस्पिक वाजवून सुटतो. 'आधी हुकूम काढा' हा सल्ला वाईट नाही. सासऱ्यांनी मलाही तोच पहिल्या दिवशी दिला होता. फक्त तो 'आधी विचार करा' याच्या नंतर येतो.

हुकूमच नीट नसले तर? नऊ हुकूम असले की लोक निर्धास्त असतात. समजा डमीत राजा, ९, ५, ३ आणि तुमच्याकडे एक्का, राणी, १०, ६, २. बाहेर गुलामासह चार पानं. दहातल्या नऊ वेळा कसंही खेळा, निघतात. दहाव्या वेळी चारही एकाकडे असतात. पहिला वाजवायचा एक्का, राजा नव्हे. एक्का वाजवल्यावर डमीत राजा-नव्वी आणि तुमच्याकडे राणी-दश्शी अशा दोन्ही बाजूंना जोड्या राहतात. गुलाम डावीकडे निघाला तर नव्वीने धरा, उजवीकडे निघाला तर दश्शीने. राजा आधी वाजवलात तर डावीकडच्या चार पानांना तुमच्याकडे उत्तर नाही. याला काही खर्च येत नाही, फक्त आठवण लागते.

दोन वाटा असल्या तर आधी कुठली? जिच्यात पान समोरच्याच्या हातात जात नाही ती. सहा नो ट्रम्पमध्ये अकरा हात आहेत. एका रंगात एक्का-राजा-राणी-५ समोर तीन चिल्लर, दुसऱ्यात एक्का-राणीसमोर दोन चिल्लर, असं धरा. आधी फिनेस मारून तो लागला नाही आणि समोरच्याने तिथेच दुसरा हात वाजवला, तर पहिला रंग ३-३ होता की नाही हे बघायची वेळच येत नाही. आधी तीन मोठी पानं वाजवा. ३-३ निघालं तर चौथं पान बारावा हात, फिनेसची गरजच नाही. नाही निघालं तर फिनेस आहेच. ३६ टक्के, अधिक उरलेल्या ६४ चे निम्मे ३२, झाले ६८. नुसत्या क्रमाने अठरा टक्के वाढले. मात्र फिनेस घ्यायला नंतर योग्य बाजूला जाता येईल ना, हे तीन पानं वाजवायच्या आधी पाहून ठेवा. मी एकदा पाहिलं नव्हतं. एक्का-राणी डमीत, पानही डमीत अडकलेलं, आणि तिथून आपल्याच राणीकडे हताशपणे बघत बसले.

नो ट्रम्पच्या स्लॅममध्ये आणखी एक सोय असते, समोरच्यांची पानं मोजायची. हे ऐकून नवखे घाबरतात, पण मोजायचं एकाचंच असतं, दुसऱ्याचं आपोआप कळतं. डावीकडच्याने इस्पिक तीन दाखवले, बदाम दोन, किल्वर तीन, आणि ते रंग आता त्याच्याकडे संपले. आठ झाले, म्हणजे चौकट पाच. बाहेर चौकट सात असतील तर उजवीकडे दोन. राणी पाचांत असण्याची शक्यता दोनांत असण्यापेक्षा अडीचपट. त्यामुळे राणीचा निर्णय शेवटपर्यंत लांबवायचा आणि तोवर बाकीच्या रंगांतले नक्की हात वाजवत, कोण कधी रंग चुकवतं ते बघत राहायचं. मी बोटांवर मोजते. टेबलाखाली, डाव्या हाताच्या.

२०१८ साली जकार्ताच्या आशियाई खेळांत प्रणव बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी पुरुषांच्या जोडीस्पर्धेत सुवर्णपदक जिंकलं, तेव्हा बर्धन साठीचे होते. त्यानंतर आमच्या सोसायटीतल्या काही जणींना एकदम वाटलं की आपल्यालाही जमेल, आणि शनिवारचा वर्ग सुरू झाला. या वर्गात मी बोलीला फार वेळ देत नाही. चौघींपुढे पत्ते उघडे ठेवते, उतारी सांगते आणि कोणी डमीतल्या पानाला हात लावला की तिच्या हातात चष्म्याचं फडकं देते. एकीने विचारलं, इतका वेळ विचार करत बसलं तर समोरच्यांना वाटेल ना की आपण अडलोय? वाटू दे. प्रत्येक डावाला पहिल्या हाताआधी तेवढाच वेळ घेतलात तर त्यांना त्यातून काहीच कळणार नाही. याउलट झटपट खेळून मध्येच चौथ्या हाताला थबकलात, तर कुठे दुखतंय ते सगळ्या टेबलाला कळतं.

आता पहिला डाव पूर्ण मांडून घ्या, म्हणजे राणी आणि एक्का दोन्ही खेळून बघता येतील. डावीकडे: इस्पिक ५, बदाम गुलाम, १०, ९, ७, चौकट राणी, गुलाम, ८, २, किल्वर एक्का, १०, ५, ३. उजवीकडे: इस्पिक ७, २, बदाम राजा, ६, ४, २, चौकट १०, ६, किल्वर गुलाम, ९, ७, ४, २. तिसरी चौकट डमीतून निघेल तेव्हा उजवीकडच्याला इस्पिकच्या सत्तीने कापायला लावा. एकदा तुमच्या अठ्ठीने खेळा, एकदा चौकीने.